डोंगर खालून पेटला होता

माझ्या बापाच्या तोंडाला काळं फासलं तेव्हा कोळसा आमच्याच भट्टीतला आणला होता.

मी आठ-नऊ वर्षांची असेन. मारुतीच्या देवळासमोरचं पटांगण. ऊन डोक्यावर आलेलं. बा मधोमध उकिडवा बसलेला, हात जोडून. चौथऱ्यावर गावातली मोठी माणसं. आम्ही कातकरी. चौथऱ्याची पायरी आम्हाला नव्हती. आदल्या दिवशी गावामागच्या डोंगराला वणवा लागला होता आणि त्यात अण्णांची आंब्याची कलमं होरपळली होती. अण्णा म्हणजे गावातलं सगळ्यात मोठं घर. नदीकाठची भातखाचरं त्यांची, दुकान त्यांचं, सरपंचकी त्यांच्याच उंबऱ्याच्या आत. बाला त्यांनी काही विचारलंसुद्धा नाही. चौथऱ्यावरच्या बाकीच्यांकडं बघून म्हणाले, "आग हेच लावत्यात. दुसरं कोण लावणार?"

बा म्हणाला, "व्हय जी. माझ्याच हातनं झालं आसंल."

मी आईचं लुगडं ओढलं. कारण वणवा लागला तेव्हा बा माझ्याबरोबर होता. आम्ही दोघं ओढ्यात खेकडे धरत होतो. दगड उचलायचं काम त्याचं, डबा धरायचं माझं. धूर आम्ही तिथूनच पाहिला. मी बोलायला तोंड उघडलं तर आईनं तळहात माझ्या तोंडावर दाबला. दात ओठात रुतेपर्यंत दाबला.

मग एकानं कोळसा दगडावर ठेचला, त्यात पाणी घातलं आणि बाच्या तोंडाला चोळला. कपाळ, गाल, कानाच्या मागं. बा मान वर करून बसला, न्हाव्यापुढं बसतात तसा. त्याला देवळापासून एसटीच्या थांब्यापर्यंत चालवला आणि परत आणला. माझ्या वर्गातली पोरं मागनं हसत येत होती. एसटी आली होती. खिडकीतनं माणसं बघत होती. कुणी उतरलं नाही.

संध्याकाळी आईनं ओढ्यावर त्याचं तोंड घासलं. सुरकुत्यांतलं काळं काही निघेना. मी विचारलं, "बा, तू व्हय का म्हणालास?"

तो म्हणाला, "एकदा व्हय म्हटलं का लवकर सोडत्यात. न्हाई म्हटलं का मारत्यात. आन् मंग व्हय म्हणावंच लागतं."

एवढं सांगून तो बिडी शोधायला लागला.

वेल्ह्यावरून पासलीकडं जाताना उजव्या अंगाला जे डोंगर दिसतात, त्यांतल्याच एकाच्या पोटाशी आमची वाडी आहे. गावाचं नाव मी सांगत नाही. नाव सांगितलं की लोक त्या एका गावाला शिव्या देतात आणि आपापल्या गावात सुखानं झोपतात.

एक गोष्ट मी लपवणार नाही. तो डोंगर बोडका कुणी केला? आमच्याच हातांनी. अण्णांच्या वडलांनी कोळशाचा ठेका घेतला होता. ते बोट दाखवायचे, माझा आजा आणि बा कुऱ्हाड घालायचे. ऐन, किंजळ, जांभूळ, सगळं भट्टीत गेलं. कोळसा ट्रकनं खाली गेला. वर राहिलं खडक आणि कुसळ. पाऊस पडला की माती धुपून ओढ्यात यायची. पुढं ओढा पौषातच आटायला लागला आणि खेकडे संपले. मग आमच्या वाडीतली माणसं दिवाळी झाली की बिऱ्हाड उचलून परमुलखात वीटभट्ट्यांवर जायला लागली. लहानपणी मी चौथीच्या पुढं गेले नाही ते त्यामुळंच. सही आणि हळूहळू वाचायला तेवढं शिकले.

पण आग मला बानं शिकवली. चांगली शिकवली. आमच्याकडं भाताची रोपं टाकायच्या आधी जमीन भाजतात. झाडाचा कवळ, म्हणजे छाटलेल्या डहाळ्या, त्यावर शेण, गवत, माती असा थर लावायचा आणि पेटवायचा. याला राब म्हणतात. गावातल्या कुणब्यांचे राबसुद्धा बाच भाजून द्यायचा, कारण त्याच्या हातची आग कधी बांधाबाहेर गेली नाही. राब वरच्या अंगानं पेटवायचा. वाऱ्याच्या उलट. मग आग हळूहळू खाली उतरते आणि माती खोलवर भाजते. खालून पेटवली तर ती वाऱ्याबरोबर वर पळते, पाचोळा तेवढा खाते आणि शेजारच्या रानात शिरते. बा म्हणायचा, "आग चालली पायजे. पळली का ती आपली न्हाई."

ज्या माणसाला आगीचं एवढं कळत होतं, त्याच्या तोंडाला आग लावल्याबद्दल काळं फासलं होतं.

अकराएक वर्षांपूर्वी एक संस्था आली. त्यातल्या बाई आमच्या वाडीत येऊन जमिनीवर बसल्या. म्हणाल्या, गायरानाचा डोंगर परत उभा करायचा, बायकांनी करायचा. गावसभेत ठराव झाला: डोंगर पाच-पाच वर्षांच्या बोलीवर बायकांच्या गटाकडं राखणीला द्यायचा, गवत, बांबू, हिरडा, मध जे येईल ते गटानं वाटून घ्यायचं, मात्र रान राखलं नाही, तर राखण काढून घ्यायची. तेव्हा अण्णांनीही हात वर केला होता. त्या खडकावर काही उगवेल असं कुणालाच वाटलं नव्हतं.

गटात आम्ही वाडीच्या नऊ जणी आणि गावातल्या पाच. पहिल्या वर्षी गावातल्या पाच जणी डबा वेगळ्या झाडाखाली खायच्या. झाड तरी कुठलं, करवंदीची जाळी. तिसऱ्या वर्षी त्यांच्यातल्या रखमाकाकू माझ्या डब्यातली सुकट मागून घ्यायला लागल्या, आणि मग सगळ्याच. ते कुणी ठरवून केलं नाही. उन्हात खड्डे खणताना भूक लागते, एवढंच.

बिया आम्ही पलीकडच्या रानांतनं गोळा केल्या. कुठल्या ऐनाखाली जून बी पडतं, हिरड्याचं कुठलं झाड एक वर्षाआड धरतं, हे आमच्या माणसांना ठाऊक होतं. ज्यांनी झाडं तोडली त्यांनाच झाडांचे पत्ते माहीत होते. रोपं केली, लावली, पहिले दोन उन्हाळे डोक्यावर पाणी नेऊन जगवली. जून महिन्यात पुण्याहून गाड्या यायच्या. आम्ही खणलेल्या खड्ड्यात पाहुणे आमचं रोप ठेवायचे आणि कुणीतरी म्हणायचं, "मावशी, जरा बाजूला व्हा, फोटोत येताय." आम्ही बाजूला व्हायचो. गाड्या गेल्या की तिरकी लावलेली रोपं उपटून सरळ लावायचो.

डोंगर उभा राहिला. ऐन दोन पुरुष उंचीचे झाले. ओढ्याला होळीपर्यंत पाणी राहायला लागलं. आमच्या वाडीतनं वीटभट्टीवर जाणारं शेवटचं बिऱ्हाड चार वर्षांपूर्वी परत आलं. माझी पोरगी मार्गासनीच्या हायस्कुलात गेली, आता ती भोरला शिकते. एका आखाडात बानं ओढ्यातला दगड उचलला आणि मला हाक मारली. खाली खेकडा होता. म्हातारा लहान पोरासारखा हसत होता.

तेव्हाच आम्ही घाबरायला हवं होतं. बोडक्या डोंगराकडं कुणी बघत नाही.

गेल्या वर्षी माघात पहिली गाडी डोंगराखालच्या रस्त्याच्या वळणावर थांबली. पांढरी, काळ्या काचांची. दोन माणसं उतरली, डोंगराकडं बघत राहिली, निघून गेली. आठवड्यानं परत आली तेव्हा अण्णा बरोबर होते. आता अण्णा म्हातारे झालेत, पण आवाज तोच. मग रानाच्या खालच्या अंगाला खुंट्या दिसायला लागल्या, प्रत्येक खुंटीला तांबडी फीत. कुणी मारल्या ते कुणाला माहीत नव्हतं. ग्रामपंचायतीत विचारलं तर म्हणाले, मोजणीच्या असतील. कसली मोजणी, ते त्यांनाही माहीत नव्हतं म्हणे. फाल्गुनात आमची पाच वर्षांची बोली संपत होती आणि गावसभेत राखणीचा ठराव पुन्हा यायचा होता.

आम्ही दर दिवाळीनंतर जाळपट्टे काढतो. जाळपट्टा म्हणजे गवत कापून, पाचोळा झाडून, माती उघडी केलेली रुंद पट्टी. वणवा तिथं येऊन उपाशी मरतो. आमचे दोन होते. एक खाली रस्त्यालगत, एक मध्ये, जुन्या गाडीवाटेवर. अंगणासारखे झाडून ठेवायचो. होळी जवळ आलेली असताना एके दिवशी सकाळी मी खालच्या पट्ट्यावर गेले तर पट्ट्यात वाळकं गवत पडलेलं. मला वाटलं, कुणाच्या भाऱ्यातनं सांडलं. गोळा करून टाकलं. चार दिवसांनी परत. या वेळी तीन ठिकाणी, आणि नीट पसरलेलं. रानातल्या गवतापासून रस्त्यापर्यंत जोडलेलं.

सांडलेलं गवत असं पसरत नाही.

मी गटाला सांगितलं. आम्ही पट्टा पुन्हा झाडला. त्याच दुपारी मी मीठ आणायला दुकानात गेले. अण्णा खुर्चीत बसले होते. त्यांनी मला बस म्हटलं नाही, ते कधीच म्हणत नाहीत. पण त्या दिवशी बोलले. हळू बोलले.

"यंदा गवात लई माजलंय न्हाई गं डोंगरावर?"

मी म्हटलं, "व्हय."

"पेटलंबिटलं तर नाव कुणाचं येईल?"

मी मिठाची पिशवी घेतली आणि बाहेर आले. मी उत्तर दिलं नाही याची मला आजही चीड येते.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी, वारा डोंगरावर चढतो त्या वेळेला, डोंगर पेटला.

आधी आवाज आला. वाळकं गवत पेटतं तेव्हा तव्यावर पाणी पडल्यासारखा आवाज येतो. मग धूर. आम्ही पळत सुटलो, ओल्या डहाळ्या तोडल्या, झोडपायला लागलो. पण आग खालून लागली होती आणि वारा तिच्या पाठीशी होता. ती पळत होती. एका जागी नव्हती, रस्त्याकडनं तीन जागी होती. रखमाकाकूंच्या पदरानं पेट घेतला, मी तो मातीत दाबून विझवला. दंडाएवढ्या जाडीचे ऐन माझ्यासमोर तडतडले. मी त्यातल्या कित्येकांना हंड्यानं पाणी घातलं होतं. मी ओरडत होते, काय ओरडत होते ते आठवत नाही.

बा काठी टेकत मधल्या वाटेपर्यंत आला होता. त्यानं एकदा वाऱ्याकडं बघितलं, एकदा खाली. म्हणाला, "हितनं उलटी लाव. खालचं गेलं. वरचं वाचीव."

उलटी आग म्हणजे आगीला आग दाखवायची. मधल्या जाळपट्ट्याच्या खालच्या काठानं आपणच पेटवायचं. ती आग वाऱ्याच्या उलट हळूहळू खाली उतरते आणि वर येणाऱ्या आगीपुढचं गवत आधीच खाऊन टाकते. दोघी भेटल्या की दोघी मरतात. हे करायला छाती लागते, कारण चुकलं तर सगळं गेलं. पहिली काडी विझली. दुसरी लागली. मी वाट धरून पेटवत गेले आणि बाकीच्या बायका वरच्या काठावर डहाळ्या घेऊन उभ्या राहिल्या. आमची आग चालत खाली गेली. वाटेच्या बऱ्याच खाली दोन्ही भेटल्या, एकदम मोठी झळ उठली, आणि मग नुसता धूर.

वरचा निम्मा डोंगर वाचला.

मी खाली बसले. तेव्हा मला दिसलं, बाजूच्या खडकावर अण्णांचा पुतण्या उभा होता. हातात डहाळी नव्हती. मोबाईल होता, माझ्याकडं धरलेला.

गावसभा त्याच पटांगणात झाली. तोच मारुती. चौथऱ्याला आता फरशी बसवलीय. सगळ्यांच्या मोबाईलवर तो व्हिडिओ आधीच फिरला होता: मी वाकलेय, काडी ओढतेय, गवत पेटतंय. खालची आग त्यात नाही. माझं तोंड मात्र स्पष्ट दिसतं.

अण्णा म्हणाले, "डोळ्यानं बघा. पुरावा लागतो ना हल्ली? ह्यो पुरावा. ह्यांचा सोभावच हाय. बापाचं तुमी बघितलंय, आता लेकीचं बघा."

टेबलावर एक कागद तयार होता. त्यात लिहिलं होतं की आग माझ्या हातून लागली, गटाला रान राखता आलं नाही, म्हणून राखण गट स्वखुशीनं सोडत आहे. मी तो वाचला. हळू वाचते, पण वाचते. कागदाशेजारी शाईचं पॅड उघडून ठेवलं होतं. काळी शाई.

"आंगठा दे आन् जा," अण्णा म्हणाले. "पोलिसात जात न्हाई आमी. हितंच मिटवू."

तेवढ्यात मागनं काठीचा आवाज आला. बा उभा राहत होता. त्याचे हात आपोआप जोडले गेले होते.

"व्हय जी," तो म्हणाला. "पोरीचं न्हाई, माझ्याच हातनं झालं आसंल. म्याच सांगितलं तिला."

तीच वाक्यं. तोच वाकलेला कणा. मला वाचवायला त्यानं आयुष्यात जमवलेली एकुलती एक युक्ती काढली होती. लोक हसले. त्यांतले दोघं माझ्या वर्गातले होते. तेव्हा एसटीपर्यंत मागनं आलेले.

मला वाटलं होतं की असल्या वेळी राग येईल. राग नाही आला. एकदम सगळं स्वच्छ दिसायला लागलं. हा कागद बाला वाचवणार नव्हता, मला नाही, कुणालाच नाही. त्या दिवशी बा व्हय म्हणाला म्हणून आज मला व्हय म्हणायला बोलावलं होतं. मी म्हणाले तर उद्या माझ्या पोरीला बोलावतील.

मी म्हटलं, "बा, खाली बस. व्हय म्हणू नगंस."

मग मी अण्णांकडं वळले. "वरची आग म्या लावली. व्हय. समद्यांनी बघितली, आन् तिच्यामुळं निम्मा डोंगर उभा हाय. खालची कुणी लावली ते इचारा. आमचा खालचा पट्टा अंगणावाणी झाडल्याला हुता. त्यात गवताची काडी न्हवती. मंग त्यात राख कुठनं आली? तीन जागी राख हाय, जाड. आत्ता चला माझ्यासंगं, दाखवते. उघड्या मातीला आग लागत न्हाई, अण्णा. तिथं कुणीतरी जळण आणून टाकलं."

कुणी हसलं नाही. कुणी उठलंही नाही. माणसं आपापल्या चपलांकडं बघायला लागली. त्यांच्यातल्या निम्म्यांनी ती राख बघितली होती, हे मला त्यांच्या मानांवरून कळलं.

अण्णा म्हणाले, "लई बोलाय लागलीस. आंगठा दे."

"मला सही येती," मी म्हटलं. "आन् ती बी देणार न्हाई."

मी शाईच्या पॅडचं झाकण लावलं. टक्कन आवाज झाला. रखमाकाकू उठल्या, जळका पदर खांद्यावर घेतला आणि माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. वाडीच्या आठ जणी आल्या. गावातल्या उरलेल्या चौघी आल्या नाहीत. त्यांची नावं मी घेत नाही, त्यांना त्याच घरांत राहायचंय.

निघताना बा मला धरून चालत होता. देवळाच्या कोपऱ्यावर तो थांबला, मागं वळला आणि चौथऱ्याकडं बघून मोठ्यानं म्हणाला, "त्या टायमाला बी म्या न्हवती लावली." तीस वर्षं उशिरा. तोवर सभा उठली होती, माणसं गाड्यांना किक मारत होती. कुणी ऐकलं की नाही माहीत नाही. मी ऐकलं.

यातून काही चांगलं झालं असं सांगून मी तुम्हाला मोकळं करणार नाही. माझ्यावर पोलिसात तक्रार झाली. तारखेला मला जावं लागतं, एसटीनं, दिवसाची मजुरी बुडवून. राख आम्ही डब्यात भरून दिली, फोटो दिले. सगळं घेतलं आणि ठेवून दिलं. दोनदा माझ्या दारात जळका ऐनाचा बुंधा आणून ठेवलेला सापडला. पांढरी गाडी अजून येते. वळणावर एक जेसीबी महिनाभर उभा आहे, काम न करता, तोंड डोंगराकडं करून. ठराव अजून झालेला नाही. गवत यंदा मागच्या वर्षापेक्षा उंच आहे आणि जळालेल्या भागात ते आधी वाळतं.

बा या दिवाळीत गेला. शेवटपर्यंत त्याच्या कानामागच्या सुरकुतीत एक काळी रेघ होती. लोक म्हणतील मळ असेल. मी त्याला अंघोळ घातलीय, मला माहीत आहे.

आम्ही खालचा पट्टा यंदा दुप्पट रुंद काढलाय. दिवसातनं दोनदा झाडतो. आणि फाल्गुन लागला की, वारा डोंगरावर चढायच्या वेळेला, मी मधल्या वाटेवर थांबणार नाही. खाली रस्त्याच्या वळणावर, त्या जेसीबीसमोर, घोंगडी टाकून बसणार आहे. रोज. तोंड झाकणार नाही. ज्याला काडी ओढायची असेल त्यानं माझ्या तोंडाकडं बघून ओढावी.